भिंतीतला जोड

"मावशी, मशीन ओके आहे. फॉल्ट तुमच्या घरात आहे," ओंकार फोनवर म्हणाला, आणि गिरजाबाईच्या नखात धरलेली लसणाची पाकळी सोलायची तशीच राहिली. तो पुढं काहीबाही सांगत होता. तीन दिवस दुकानात अखंड चालू ठेवलंय, एकदासुद्धा पडलं नाही, घेऊन जा, पण एखादा वायरमन बोलावून घर चेक करून घ्या. तिनं "बरं" म्हणून फोन परातीशेजारी पालथा घातला. घरात फॉल्ट. ह्या घरात. आणि चेक करून घ्या म्हणे! भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये बावीस वर्षं चेकिंगला बसलेल्या बाईला निगडीचा एक दुकानदार चेकिंग शिकवतो, म्हणजे दिवस फिरले म्हणायचे. चौथीत शाळा सुटली ती सुटली, पण तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जे वाचता यायचं ते इंजिनिअरांच्या चष्म्याला दिसत नव्हतं. पत्र्याच्या तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवायचं. केसाएवढी कुसळ राहिली असली तरी बोट तिथं अडायचं. चांगल्या मालाला हिरवा ठिपका, वाईटाला तांबडा. तांबडा ठिपका बसला की तो तुकडा हातोड्यानं ठेचून वाकडा करायचा, म्हणजे चुकूनसुद्धा चांगल्यात मिसळायला नको. गिरजाबाईचा हिरवा ठिपका बसलेला माल कधी परत आला नाही, असं खुद्द मालक दसऱ्याला चारचौघांत बोलला होता. त्या दिवशी ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली होती, "ऐकलं का, तुमच्या बायकोचा माल परत येत न्हाई." साहेबराव चहा बशीत ओतत हसला होता. कशाला हसला होता कोण जाणे. त्याचं हसणं तिला कधी धड लावता आलं नाही, आणि आता लावायला तो नव्हता. चार वर्षं झाली.

टेबल रिकामं होतं. मशीन दुकानात गेल्यापासून टेबलावर चौकोनी स्वच्छ जागा दिसत होती आणि तिच्या भोवती धूळ. ते मशीन म्हणजे सुनेचा कॉम्प्युटर. दीक्षा घरी बसून चाकणच्या कारखान्यांसाठी ड्रॉइंग काढायची, गाड्यांच्या सुट्या भागांची. पडद्यावर काळं अंगण, त्यात पांढऱ्या रेघा, रेघांना आकडे. पहिल्या दिवशी गिरजाबाई तिच्या खुर्चीमागं उभी राहिली ती तोंड वाकडं करून, कसली ही नोकरी, घरच्या घरी, ना डबा ना पंचिंग. मग दीक्षानं उंदराचं चाक फिरवलं आणि रेघांतून एक तुकडा उठून उभा राहिला, वळला, पाठ दाखवून परत फिरला. "अगं, हा तर माझा ब्रॅकेट हाय," गिरजाबाई ओरडलीच. "हाच! ह्याला हितं आतल्या अंगाला कुसळ राहती. हमेशा राहती. लिही तिथं." दीक्षा हसली, पण लिहिलं. "आतली कड साफ करणे", असं काहीतरी इंग्रजीत. आठ दिवसांनी तिच्या साहेबाचा फोन आला, हे तुला कसं सुचलं म्हणून, आणि तिनं सांगितलं, "आमच्या आत्यांनी सांगितलं." गिरजाबाईच्या माहेरी सासूला आत्याच म्हणतात, आणि ही पिंपरीत वाढलेली पोरगी आपण होऊन ते म्हणायला शिकली होती. तेव्हापासून जेवणं उरकली की गिरजाबाई स्टूल घेऊन तिच्या शेजारी बसायची. ती काढायची, ही तपासायची. बोलणं थोडंच. रिटायर झाल्यापासून जे बोट नुसतं पिठात आणि राखेत जात होतं ते पडद्यावरच्या कडांवरून फिरायला लागलं, आणि दीक्षा प्रत्येक वेळी पडदा पुसायची पण बोट लावू नका असं कधी म्हणाली नाही.

आणि मग मशीन पडायला लागलं. बंद पडलं असं नाही, नुसतं "पडलं". हा ओंकारचा शब्द. चालता चालता पडदा काळा व्हायचा आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून जागं व्हायला लागायचं, जसं काही झालंच नाही. पहिल्यांदा आठवड्यातून एकदा, मग दिवसातून दोनदा. गिरजाबाईनं दीक्षाची तांबडी नेलपेंट घेऊन कॅलेंडरवर ठिपके द्यायला सुरुवात केली. ओंकार घरी आला, मशीनचं पोट उघडून बसला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मावशी. दोन बदलल्या तर कुणामुळं बरं झालं ते कळत नाही." हे तिला पटलं, माणूस कामाचा वाटला. त्यानं आतली एक हिरवी पट्टी काढली आणि तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासून परत बसवली. चार दिवस गेले, ठिपका. पंख्याखालचा वाळलेला मलम खरवडून नवा लावला. ठिपका. विजेचा डबाच नवा घातला. दोन ठिपके. मग यूपीएस आणून दिला, बॅटरीचा खोका. तो दिवसभर टकटक करत राहिला, जसं कुणी दार वाजवतंय, आणि दोन महिन्यांत त्यानंच मान टाकली. "इतक्यात कसा संपला हा?" ओंकार डोकं खाजवत म्हणाला होता. त्याच सुमारास दीक्षाच्या साहेबानं सांगितलं, की आणखी एक ड्रॉइंग बुडालं तर घरून काम बंद, रोज ऑफिसला यायचं. ऑफिस पार ताथवड्याच्या पुढं. रुपीनगरहून दोन बस बदलायच्या, जाऊन-येऊन चार तास. संघर्ष, तिचा मुलगा, त्या दिवशी ताटातल्या भातात बोटं घालून म्हणाला, "मग तिकडंच खोली बघावी लागेल. माझी कंपनीची बस तिकडूनपण जाते." भाताकडं बघूनच म्हणाला. बापाची सवय, महत्त्वाचं बोलायचं ते ताटाशी. तेव्हापासून गिरजाबाईच्या लेखी मशीन उभं राहणं आणि घर उभं राहणं ह्यात काही फरक उरला नव्हता. आणि आता हा ओंकार म्हणतो फॉल्ट घरात आहे. घरात काय फॉल्ट असतो? माणसं गप्प असतात हा फॉल्ट? सासू तोंडाची तिखट हा फॉल्ट? ती लसूण सोलत राहिली, पाकळ्या संपल्या तरी सालं चाचपत राहिली.

मंगळवारी सकाळी दीक्षानं मशीन जोडलं. शुक्रवारी दुपारी तीनला ड्रॉइंग द्यायचं होतं, मोठं होतं, कारखान्यात त्यावरून साचा बनणार होता. गिरजाबाई स्टुलावर बसली. अकरा-साडेअकराला पलीकडं फ्रिजची मोटर लागली, घुर्र करून, आणि बुद्धांच्या फोटोवरच्या छोट्या दिव्यानं डोळा मिचकावला, आणि मशीन पडलं. तिन्ही गोष्टी एकदम. इतक्या एकदम, की एकच गोष्ट तीन ठिकाणी झाली.  गिरजाबाईला हे दिसलं, बोटाला कुसळ लागावी तसं दिसलं, आणि त्याच क्षणी तिनं ते दिसलं नाही असं ठरवून टाकलं.

"आत्या, फ्रिज लागला की पडतंय. तुम्ही पण बघितलं ना?"

"मी काय बघितलं न्हाई. मी तुझ्या रेघा बघत हुते."

"गल्लीतल्या बुद्धरत्न दादाला बोलवू या ना. दोन तासांचं काम आहे, बोर्ड उघडून बघेल."

"बोर्ड उघडंल, मग भिंत उघडंल, मग मलाबी उघडून बघ म्हणावं! ह्या घराची वायर न् वायर तुझ्या सासऱ्याच्या हातची हाय. जन्मभर कंपनीत मेन्टेनन्सला हुता त्यो. समोर असता तर त्याच्या तोंडावर म्हणली असतीस का, मामा, तुमचं काम खोटं हाय?"

"मी खोटं कुठं म्हणाले?"

"त्यो दुकानदार लबाड. त्याला मशीन दुरुस्त हुईना, घाल म्हणं घरावर."

 दीक्षाच्या गालातला एक स्नायू आत ओढला गेला, बस. ती उठून पाणी प्यायला गेली, आणि गिरजाबाईचा हात आपोआप भिंतीला गेला. बोर्डाच्या वर दीड हातावर, मांडणीच्या कडेला. तळवा सपाट टेकला. भिंत कोमट होती. चूल विझल्यावर तिच्या मागची भिंत असते तशी. हात तिथंच राहिला, आणि तिला कळलं की हा हात तिचा नाही, साहेबरावचा आहे. शेवटची चार-पाच वर्षं तो असाच यायचा, फ्रिज घुरघुरायला लागला की खाटेवरून उठून इथं हात टेकून उभा राहायचा. तिला वाटायचं दम लागतो म्हाताऱ्याला, टेकायला लागतं. "खुर्ची घ्या की," म्हणून ती खेकसायची. "भिंत पडंल तुमच्या वजनानं." तो म्हणायचा, "न्हाई गं, बघत हुतो जरा." काय बघत होता हे तिनं विचारलं नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासला आणि घरातल्या माणसाचा हात भिंतीवर का आहे हे विचारायला तिला एकदासुद्धा फुरसत झाली नाही.

घर बांधलं त्या वर्षीची बारा एप्रिल होती ती. अर्ध्या गुंठ्यावरचं हे घर, विटा दोघांनी डोक्यावर वाहिलेल्या, आणि चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो स्वतःच्या भिंतीवर लावायचा असं तिनं अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलेलं. अकरा वर्षं भाड्याच्या खोलीत दुसऱ्याच्या खिळ्याला फोटो टांगला, आता नाही. गवंडी गिलाव्याचं घमेलं कालवून उभा. आणि वायर कमी पडली. फार नाही, हातभर. साहेबरावनं दुसरा तुकडा घेतला, दोन्ही टोकं सोलली, पिळली, वर काळी टेप गुंडाळली, आणि हातात तसंच धरून थांबला. "गिरजे, जोड भिंतीत गाडायचा नसतो. उद्या नवी वायर आणतो, सलग वढतो." उद्या! तिचं टाळकं सरकलं होतं. "उद्या गवंडी येतोय काय तुमच्यासाठी? परवा जयंती हाय, लोकं येणार, वल्ल्या भिंतीवर फोटो लावू?" तो म्हणाला, "तू चेकिंगवाली ना? तूच सांग, हे पास करशील?" थट्टेतच म्हणाला, पण हात पुढं केला होता, तो जोड तिच्या बोटासमोर धरून. तिनं बोट फिरवलं? फिरवलं असेल. आठवत नाही. फिरवलंच नव्हतं बहुतेक. तिनं गवंड्याकडं बघून म्हटलं, "हाय चांगलं. झाका." आणि त्यानं झाकलं. साहेबरावनं त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार केला नाही. दोनतीनदा म्हणाला होता, एकदा वायरिंग नवं करून घेऊ, आणि ती म्हणाली होती, काय धाड भरलीय जुन्याला. बस, एवढंच. त्यानंतर नुसता हात.

सांगायला किती वेळ लागला असता? दोन वाक्यं. दीक्षा पाण्याचा तांब्या घेऊन परत आली तेव्हा वाक्यं तोंडात तयार होती. पण तिनं हात भिंतीवरून काढून पदराला पुसला. मेलेल्या माणसाचं नाव खराब होईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. लोक म्हणतील साहेबराव वायरमननं स्वतःच्या घरात जोड गाडला. हे तिला इतकं पटलं की डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि पाणी येताना आतून कुणीतरी म्हणालं, त्याचं नाव कशाला पुढं करतेस, बाई.

तोड संघर्षनंच काढली: शुक्रवारपर्यंत फ्रिज बंद. "आई, तीन दिवसांचा प्रश्न आहे." बुधवार गेला, मशीन उभं. गुरुवार गेला, उभं. दूध नासलं, कोथिंबीर काळी पडली, फ्रिजच्या दाराच्या फटीतून आंबूस वास यायला लागला. घरात एवढी शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. फ्रिजची घुरघुर बंद झाल्यावर समजलं की ती इतकी वर्षं घराचा श्वास म्हणून ऐकत होती. आणि त्या शांततेत दीक्षा आणि संघर्ष जरा जास्तच हळू बोलायला लागले, आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तसं. आजारी कोण? घर. तिच्या घराला दोघं सांभाळून घेत होती, पांगळ्याला हात द्यावा तसं. पाय न वाजवता चालत होती. गिरजाबाईला ते सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर तिनं परत दिल्या असत्या. ही माया कुठं ठेवायची?

शुक्रवारी दीड वाजता दीक्षा म्हणाली, "झालंच आत्या, अर्धा तास. एवढं सेव्ह होऊ दे, मी तोंड धुऊन येते," आणि मोरीत गेली. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू भरत होती. संपूर्ण तुकडा मध्ये उभा होता, सुंदर, सगळ्या कडा साफ. गिरजाबाई फ्रिजपाशी उभी होती. तिनं ते का केलं हे ती नंतर कुणाला सांगू शकली नसती. दुधासाठी नाही. तिला वाटलं, तीन दिवस विसावा मिळालाय भिंतीला, आता धरंल. धरायलाच पाहिजे. माल चांगला आहे की नाही हे नुसतं बघून ठरत नाही, मापाचा गेज लावावा लागतो. आणि गेज लावला आणि बसला, की मग सगळ्यांची तोंडं बंद, ओंकारचं, त्या दोघांच्या हळू बोलण्याचं, आतून बोलणाऱ्या त्या कुणाचं. पास हो, ती मनात म्हणाली. एकदा पास हो, बाबा. आणि बटण दाबलं.

घुर्र झालं. दिव्यानं डोळा मिचकावला. पडदा काळा झाला.

दीक्षा ओल्या तोंडानं बाहेर आली. तिनं आधी पडद्याकडं बघितलं नाही, फ्रिजकडं बघितलं. तो मजेत घुरघुरत होता. मग गिरजाबाईच्या हाताकडं. तो अजून बटणावरच होता. ती खुर्चीवर बसली, मशीन जागं झाल्यावर फाइल उघडून बघितली, उघडली नाही, जुनी उघडली, ती तीन दिवसांपूर्वीची निघाली. तिनं दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले. "अगं, चुकून लागलं," गिरजाबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज तिलाच लबाड वाटला. "हो आत्या," दीक्षा म्हणाली, "होतं असं." आणि ओढणीनं तोंड पुसलं.

पंधरा दिवसांत दोघं ताथवड्याकडं राहायला गेली. रविवारी दहाच्या सुमाराला छोटा टेम्पो आला. भांडण नाही, आदळआपट नाही. संघर्षनं जाताना पाया पडून सांगितलं, "सुट्टीला येत जाऊ आई, कितीसं लांब आहे." दीक्षानं मांडणी पुसून दिली, डबे भरून ठेवले, आणि मशीन टेबलावर राहू दिलं. "ऑफिसात मोठं मशीन आहे आत्या, आता ह्याचं काय काम. तुम्ही भीमगीतं लावा ह्याच्यावर," आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, कुठलं बटण आधी, कुठलं नंतर.

सोमवारी गिरजाबाईनं स्वतः जाऊन बुद्धरत्नला बोलावलं. त्याच्या येण्याआधीच तिनं मेन स्विच पाडला होता आणि छिन्नी-हातोडा घेऊन बोर्डाच्या वर दीड हातावर गिलावा फोडून ठेवला होता. साडीवर, केसांत सिमेंटची भुकटी. जोड उघडा पडला होता. टेप करपून खपलीसारखी झालेली, तांबं काळं, मध्ये हिरवट. बुद्धरत्न वाकून बघत राहिला. तो हे काम शिकला तेच साहेबरावच्या हाताखाली.

"जय भीम काकू. अहो, हे कुणी केलं? काकांचं काम नाही हे. काकांनी मला पहिल्या दिवशी सांगितलेलं, जोड भिंतीत गाडायचा नाही. आग लागली असती की घराला."

"त्यानंच केलं."

"कसं शक्य आहे?"

"त्यो नको म्हणत हुता," गिरजाबाई म्हणाली. "पास मी केलं."

 बुद्धरत्ननं पक्कड काढली, जुना तुकडा कापून तिच्या हातात दिला आणि मीटरपासून बोर्डापर्यंत सलग वायर ओढायला घेतली. दोन तासांचं काम. खरंच दोन तासांचं काम होतं. तो गेल्यावर ती तुकडा घेऊन ओट्याशी बसली. बोट फिरवलं. बोट जागोजाग अडलं. आंधळ्यालाही कळलं असतं. खराब माल ठेचून टाकायचा असतो. तिनं हातोडा उचलला, तुकडा पाट्यावर ठेवला. पिळाच्या एका टोकाला साहेबरावच्या दातांची खूण होती. पक्कड सापडली नाही की तो दातांनीच वायर सोलायचा, आणि ती ओरडायची. तिनं हातोडा खाली ठेवला.

मग कागद बघून तिनं बटणं दाबली, आधीचं आधी, नंतरचं नंतर. मशीन जागं झालं. तिनं दीक्षाला फोन लावला. मागं खूप माणसांचा गलका, कुणीतरी हिंदीत हसत होतं. "आत्या? बोला."

"मशीन चालायलंय गं. भिंतीतच हुता फॉल्ट. काढला."

"हो का? बरं झालं. आता तुम्हाला गाणी ऐकता येतील." मग "जेवलात?" आणि पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली.

गिरजाबाई स्टूल घेऊन बसली. खुर्चीवर नाही, स्टुलावरच, खुर्चीच्या शेजारी. पडद्यावर कसलंतरी हिरवं डोंगराचं चित्र होतं, त्याला तपासायला कड नव्हती. पाऊण तासानं फ्रिजची मोटर लागली. तिनं दिव्याकडं बघितलं. दिवा हलला नाही. मशीन हललं नाही. मोटर बंद झाली. ती बसून राहिली. पुन्हा लागली, पुन्हा काही नाही. तिनं उठून स्वतः फ्रिजचं बटण बंद केलं, थोडं थांबून चालू केलं. बंद केलं, चालू केलं. मिक्सर रिकामाच फिरवला. इस्त्री लावली. हात भिंतीवर ठेवला. भिंत गार होती, ओल्या सिमेंटची गार. कॅलेंडरवर मागच्या महिन्याचे तांबडे ठिपके होते आणि नेलपेंटची बाटली मांडणीवर तशीच, झाकण घट्ट बसलेली.

ती मशीनसमोर येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत. "पड की," ती हळूच म्हणाली. डोंगर तसाच हिरवा राहिला.

"पड की, मेल्या."